फोर हिल्स बघायला जाताय? वही आणि पेन्सिल बरोबर घ्या

"वहिनी, जास्त लांब उडी मारलेला हरला कसा?"

जर्मनीतल्या गार्मिशच्या मैदानात स्की जंपिंग, म्हणजे स्कीवर बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन लांब उडी मारायचा खेळ, बघताना माझ्या दिराने हा प्रश्न पहिल्या वीस मिनिटांत तीनदा विचारला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "घरी जाताना सांगते." हातमोजे काढून बोटांवर हिशोब मांडायची माझी तयारी नव्हती. परतीच्या गाडीची वाट बघत स्टेशनच्या बाकावर बसलो तेव्हा वही काढली आणि त्याला सगळं मांडून दाखवलं. त्यानंतर तो या खेळाचा माझ्याहून मोठा वेडा झाला. म्हणून हे लिहिते आहे. म्युनिकमध्ये राहून अकरा हिवाळे झाले, पाहुण्यांना घेऊन या स्पर्धेच्या वाऱ्या केल्या, आणि बहुतेकांचा विरस एकाच कारणाने होताना पाहिला. माणसं उड्या बघतात, हिशोब बघत नाहीत. मी हिशोबाच्याच धंद्यातली, त्यामुळे मला हे खटकतं.

आधी थोडक्यात, हे आहे काय. नाताळ उरकला की २८ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत चार टेकड्यांवर स्की जंपिंगची एक स्पर्धा चालते. दोन टेकड्या जर्मनीत: ओबर्स्टडॉर्फ आणि गार्मिश-पार्टेनकिर्शेन. दोन ऑस्ट्रियात: इन्सब्रुक आणि बिशॉफ्सहोफेन. जर्मन नाव फीअरशान्त्सनटूर्ने. उच्चारताना जीभ अडखळली तर नुसतं 'टूर्ने' म्हणा, इथले लोकही तेच म्हणतात. १९५३ पासून चालू आहे. पहिला विजेता ऑस्ट्रियाचा सेप ब्राडल. १९३६ साली प्लानित्सात शंभर मीटरच्या पुढे जाणारा जगातला पहिला माणूसही तोच. प्रत्येक टेकडीवर दोन उड्या, म्हणजे एकूण आठ. आठही उड्यांचे पॉइंट एकत्र मिळवायचे, ज्याची बेरीज मोठी त्याला सोनेरी गरुडाची ट्रॉफी. कुठल्या टेकडीवर कितवा आलात याला एकूण हिशोबात काडीची किंमत नाही. २०२३-२४ मध्ये जपानच्या र्योयू कोबायाशीने एकही टेकडी न जिंकता गरुड नेला. चारही ठिकाणी दुसरा आला, पण सातव्या-आठव्या नंबरवर कधी घसरला नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

कुठल्या टेकडीवर जावं

चारही करू नका, निदान पहिल्या वर्षी नको. मी एकदा केल्या. बिशॉफ्सहोफेनला पोचेपर्यंत मला उडी आणि माणूस यातला फरक कळेनासा झाला होता.

पहिल्यांदा जात असाल तर माझं मत असं की ओबर्स्टडॉर्फच्या पात्रता फेरीला जा, २८ डिसेंबरला. लोक नाक मुरडतात, "क्वालिफिकेशनला कोण जातं?" पण त्या दिवशी मुख्य स्पर्धेपेक्षा जास्त खेळाडू उडतात, गर्दी कमी असते, तिकीट स्वस्त असतं आणि हवी ती जागा मिळते. साठ-सत्तर उड्या लागोपाठ बघितल्या की डोळा तयार होतो. तीसएक उड्यांनंतर कोण चांगला सुटला हे तुम्हाला तो हवेत असतानाच कळायला लागतं. दुसऱ्या दिवशीची स्पर्धा मग घरी टीव्हीवर बघा, खरा आनंद तेव्हा येतो. जर्मनीत आ-एर-डे आणि त्सेट-डे-एफ या सार्वजनिक वाहिन्या फुकट दाखवतात, ऑस्ट्रियात ओ-एर-एफ.

ओबर्स्टडॉर्फबाबत दोन सूचना, दोन्ही स्वतः ठेच खाऊन शिकलेल्या. म्युनिकहून जाणाऱ्या काही गाड्या इमेनश्टाटला तुटतात. अर्धे डबे ओबर्स्टडॉर्फला, अर्धे लिंडाऊला. मी ऊब बघून डबा निवडला, पाटी बघून नाही, आणि पुढच्या स्टेशनवर उतरून बर्फात पाऊण तास परतीच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. डब्याच्या दारावरची पाटी वाचा. दुसरी सूचना: ओबर्स्टडॉर्फला उडीच्या दोन जागा आहेत. टूर्ने होते ती शाटेनबेर्ग, गावालाच लागून, स्टेशनपासून पायी वीस मिनिटं. दुसरी हाइनी क्लॉप्फर नावाची स्की फ्लाइंगची, म्हणजे आणखी लांब उड्यांची, अजस्र टेकडी, गावापासून काही किलोमीटर दक्षिणेला दरीत. नकाशावर 'स्की टेकडी' शोधलीत तर कधीकधी तीच आधी दिसते. एका ओळखीच्या कुटुंबाने टॅक्सीला तिकडे नेलं. तिथे शांतता, बर्फ आणि ते चौघे.

गार्मिशची स्पर्धा १ जानेवारीला दुपारी असते. टीव्हीवर जगभर सगळ्यात जास्त ओळखीची हीच, कारण नवीन वर्षाच्या दुपारी निम्मा युरोप सोफ्यावर आडवा होऊन हेच बघत असतो. सकाळी म्युनिकच्या रस्त्यावर फटाक्यांच्या काड्या आणि फुटलेल्या बाटल्यांमधून वाट काढत स्टेशनवर जायचं, गाडीत निम्मे लोक न झोपलेले. प्रवास साधारण दीड तासाचा. १ जानेवारी सुट्टीचा दिवस असल्यामुळे बायर्न-तिकिटाला (बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) सकाळी नऊनंतरच निघायची अट लागत नाही, ते घ्या. चार-पाच जण असाल तर फारच परवडतं. गार्मिशचं मैदान १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं, पण आता दिसते ती उडीची कमान २००७ ची आहे, जुनी पाडून बांधलेली. दुपारी दोनला सुरुवात असते. तुम्ही साडेबाराला आत असा.

इन्सब्रुकची बेर्गइझेल ही चौघींत दिसायला सर्वांत देखणी आणि वागायला सर्वांत लहरी. मनोरा झाहा हदीद यांनी रचलेला, २००२ पासून उभा, शहरात कुठूनही दिसतो. स्पर्धा नसेल त्या दिवसांत लिफ्टने वर जाता येतं, वर कॅफे आहे. जरूर जा. उडीआधी खेळाडू ज्या दांड्यावर बसतो त्याच्या शेजारून खाली पाहिलं की समोर सरळ रेषेत विल्टनचं चर्च आणि त्याचं कब्रस्तान दिसतं. माझे यजमान वर गेले, एकदा खाली पाहिलं आणि कॉफी न पिता खाली आले.

लहरी म्हणायचं कारण वारा. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणारा गरम वारा, त्याला इथे फ्योन म्हणतात, तो सुटला की या टेकडीवर काही चालत नाही. २००८ मध्ये इन्सब्रुकची स्पर्धा वाऱ्यामुळे रद्द होऊन बिशॉफ्सहोफेनला घ्यावी लागली, २०२२ मध्येही तेच झालं. त्यामुळे इन्सब्रुकचं तिकीट काढताना परताव्याचे नियम आधी वाचा, आणि हॉटेल असं घ्या की उडी झाली नाही तरी शहर बघून पैसे वसूल होतील. आणखी एक, गंभीरपणे. बेर्गइझेलचं मैदान वाटीसारखं आहे. १९९९ मध्ये इथे एका स्नोबोर्डच्या कार्यक्रमानंतर बाहेर पडताना चेंगराचेंगरीत तरुण मुलं दगावली. स्पर्धा संपली की लगेच दाराकडे धावू नका. पंधरा-वीस मिनिटं जागेवर थांबा, बक्षीस समारंभ बघा, मग सावकाश निघा. मुलं बरोबर असतील तर हे नक्की पाळा.

बिशॉफ्सहोफेन ६ जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी. बायर्न आणि ऑस्ट्रिया दोन्हीकडे सुट्टी. म्युनिकहून साल्त्सबुर्गमार्गे अडीच तासांच्या आसपास. गाव छोटं, एरवी रेल्वे जंक्शन म्हणूनच माहीत, पण त्या संध्याकाळी गावात गावाच्या दुप्पट माणूस असतो. टेकडी पाउल आउसरलाइटनरच्या नावाने ओळखली जाते. तो १९५२ मध्ये इथेच पडून झालेल्या दुखापतीने गेला. इथली घसरपट्टी मनोऱ्यावर नाही, डोंगराच्याच अंगावर आहे, आणि ती लांब आणि बेताच्या उताराची आहे. त्यामुळे ज्याला घसरताना वेग राखता येतो त्याचं इथे फावतं. निकाल इथेच लागतो, म्हणून वातावरणात जो ताण असतो तो इतर तीन ठिकाणी नसतो.

सीमा ओलांडताना पासपोर्ट जवळ ठेवा. शेंगेन आहे, कोण बघतंय, असं म्हणू नका. ऑस्ट्रियातून जर्मनीत येणाऱ्या गाड्यांत २०१५ पासून पोलीस तपासणी करतात आणि आपल्या रंगाच्या माणसाला हमखास विचारतात. दिराचा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिला होता. फोनमधल्या व्हिसाच्या फोटोवर सुटलो, पण त्या दहा मिनिटांत थंडीचा विसर पडला.

ज्यांना बायकांच्या उड्या बघायच्या आहेत (माझी भाची त्यासाठीच आली होती), त्यांच्यासाठी याच दिवसांत गार्मिश आणि ओबर्स्टडॉर्फला दोन रात्रींची वेगळी स्पर्धा २०२३ च्या डिसेंबरपासून सुरू झाली आहे. चार टेकड्या त्यांना अजून मिळालेल्या नाहीत. त्यावर मी बोलायला लागले तर लेख इथेच अडकेल.

जोड कशी लागते

पात्रता फेरीतून पन्नास जण मुख्य स्पर्धेत येतात. मग टूर्नेची खास पद्धत: पहिल्या फेरीत कुस्तीसारख्या जोडी लावतात. पात्रतेत पहिला आलेला पन्नासाव्याशी, दुसरा एकोणपन्नासाव्याशी, असं करत पंचविसावा सव्विसाव्याशी. जोडीत जिंकलेले पंचवीस दुसऱ्या फेरीत. हरलेल्या पंचविसांपैकी ज्यांचे पॉइंट सर्वांत जास्त असे पाच जण नशीबवान म्हणून आत. एकूण तीस. ही पद्धत १९९६-९७ पासून आहे आणि वर्ल्ड कपच्या बाकीच्या स्पर्धांत नसते.

सुरुवात पंचवीस-सव्वीसच्या जोडीने होते आणि शेवट पहिल्या-पन्नासाव्याने. म्हणजे सुरुवातीच्या जोडी तोडीस तोड आणि पुढेपुढे एकतर्फी. बऱ्याच लोकांना वाटतं मोठी नावं शेवटी येतात म्हणून सुरुवातीला वाफाळती वाइन आणायला गेलं तरी चालेल. उलट आहे. पहिल्या दहा जोडी बघा, तिथे खरी झटापट असते. वाइनला चौदाव्या-पंधराव्या जोडीला जा, रांगही छोटी असते.

दुसऱ्या फेरीत जोड नाही. पहिल्या फेरीतला तिसावा आधी उडतो, पहिला शेवटी. आणि वाऱ्यामुळे पात्रता फेरी पुढे ढकलून स्पर्धेच्याच दिवशी घ्यावी लागली तर जोड लावतच नाहीत, साध्या पद्धतीने होते. तसं झालं की माझ्या शेजारी कोणीतरी हमखास गोंधळलेलं असतं.

हिशोब, म्हणजे दिराचा प्रश्न

प्रत्येक टेकडीला एक के-पॉइंट असतो, म्हणजे उडीचे पॉइंट मोजायची ठरलेली खूण. ओबर्स्टडॉर्फ आणि इन्सब्रुकला तो १२० मीटरवर, गार्मिश आणि बिशॉफ्सहोफेनला १२५ वर. बरोबर तिथे उतरलात तर ६० पॉइंट. त्यापुढच्या प्रत्येक मीटरला १.८ पॉइंट वाढतात, अलीकडे प्रत्येक मीटरला १.८ कमी होतात. हा १.८ पाठ करा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मग ढंगाचे पॉइंट. पाच परीक्षक प्रत्येकी जास्तीत जास्त २० देतात, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा काढून टाकायचा, उरलेल्या तिघांची बेरीज. उतरताना एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले, याला टेलिमार्क म्हणतात. दोन्ही पाय जोडून धपकन उतरला की परीक्षक कापतात.

आणि मग वारा. इथे आपली सगळी माणसं चुकतात, कारण धावणाऱ्याला वारा पाठीमागून हवा असतो. उडणाऱ्याला तो समोरून हवा. पतंग उडवला असेल तर वेगळं सांगायला नको. समोरचा वारा स्कीच्या खाली शिरतो आणि माणसाला तोलून धरतो. पाठीमागचा वारा त्याला खाली दाबतो. म्हणून समोरचा वारा मिळालेल्याचे पॉइंट कापतात आणि पाठीमागचा मिळालेल्याला भरपाई देतात. तसंच दांड्याचं. खेळाडू ज्या दांड्यावर बसतो तो खाली घेतला की वेग कमी मिळतो, त्याचेही पॉइंट मिळतात. हे गणित वर्ल्ड कपमध्ये २००९-१० च्या सुमारास आलं. क्रिकेटमधल्या डकवर्थ-लुईससारखंच, पटो न पटो, गणित मुकाट्याने सोसायचं.

स्टेशनच्या बाकावर दिराला मांडून दाखवलेलं उदाहरण इथे देते. आकडे कळायला सोपे घेतले आहेत.

गार्मिश, के-पॉइंट १२५. पहिला गडी १३६ मीटर उडाला. के-पॉइंटच्या ११ मीटर पुढे, ११ गुणिले १.८ म्हणजे १९.८. साठात मिळवले, ७९.८. पण उतरताना तोल गेला, टेलिमार्क जमला नाही. परीक्षकांनी १७, १७, १७.५, १७ आणि १६.५ दिले. वरचा-खालचा काढला, राहिले ५१. एकूण १३०.८. वारा मात्र समोरून जोरात होता, त्याचे ८.६ कापले. हातात राहिले १२२.२.

दुसरा गडी १३१.५ मीटर. साडेसहा मीटर पुढे, ११.७ पॉइंट, म्हणजे ७१.७. उतरला मात्र लोण्यासारखा: १८, १८.५, १८, १८, १७.५. वरचा-खालचा काढून ५४. एकूण १२५.७. त्याला वारा पाठीमागून होता, १.९ भरपाई. १२७.६.

साडेचार मीटर कमी उडून दुसरा ५.४ पॉइंटने पुढे. आता शेवटची पायरी, हीच खरी गंमत आहे: ५.४ भागिले १.८. बरोबर ३ मीटर. म्हणजे पहिल्याला तीच उडी, तोच वारा, तोच धपकन उतरणं घेऊन आणखी तीन मीटर जावं लागलं असतं.

दीर बाकावरून उठला आणि म्हणाला, "म्हणजे तो हरलाच होता. फक्त आपल्याला दिसलं नाही."

टूर्नेचा एकूण तक्ता बघतानाही हाच भागाकार करा. फरक ९ पॉइंटचा दिसला की घाबरू नका, ते पाच मीटर आहेत आणि आणखी चार उड्या बाकी असतील तर काहीच नाही. शेवटच्या उडीआधी ९ असेल तर मात्र समोरच्याच्या पडण्याचीच वाट बघायची. मी वहीत तीन रकाने आखते: पॉइंट, पहिल्याशी फरक, मीटर. पेनची शाई थंडीत गोठते, म्हणून पेन्सिल. फोनवर सगळं येतं हे मला ठाऊक आहे. तोही गोठतो. दोन तास बर्फात बाहेर काढून धरलात तर चाळीस टक्के बॅटरी दाखवता दाखवता बंद पडतो. आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा.

हा भागाकार किती बारीक होऊ शकतो याचा नमुना: २००५-०६ मध्ये फिनलंडचा याने आहोनेन आणि चेकचा याकुब यांदा, आठ उड्यांनंतर दोघांचे १०८१.५. गरुड दोघांना द्यावा लागला.

मैदानात नजर कुठे ठेवायची

खाली उभं राहून वर बघितलं तर खेळाडू तुमच्या अंगावर येतो, भीती वाटते, पण तो किती उंच आहे ते कळत नाही. मला बाजूची उभी जागा आवडते, उताराच्या अंगाला, के-पॉइंटच्या आसपासच्या उंचीवर. तिथे माणूस शेजारून जातो आणि आवाज ऐकू येतो. हे टीव्हीवर कधीच येत नाही. कापड जोरात फडकावं तसा फर्रर आवाज, मग क्षणभर काही नाही, मग बर्फावर दोन पट्ट्या आपटल्याचा ठक्क. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

क्रम असा ठेवा. आधी उतारावरची झेंडी बघा, वारा कुठून आहे. मग दिवे. लाल असेल तर खेळाडू दांड्यावर बसूही शकत नाही, किंवा बसला असेल तर उठून बाजूला व्हावं लागतं. हिरवा लागला की मोजक्या सेकंदांत निघायचंच. पण तो दिव्याकडे बघत नसतो, तो खाली प्रशिक्षकांच्या फळीकडे बघतो. तिथे त्याचा प्रशिक्षक हातात झेंडा धरून उभा असतो. वारा मनासारखा आला की झेंडा खाली. तो झेंडा पडताना बघायची सवय लावा, अर्धी स्पर्धा तिथेच चालते.

घसरपट्टीवर ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेग येतो. टोकाला आला की उभं राहायचं. उडी मारायची नाही, उभं राहायचं, तेही पुढे झुकून, आणि यासाठी वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतका. लवकर उठला तर जोर फुकट जातो, उशिरा उठला तर टोक निघून गेलेलं असतं. मग स्कीचा इंग्रजी व्ही. ही पद्धत स्वीडनच्या यान बोक्लोवने ऐंशीच्या दशकात आणली, तेव्हा परीक्षक ढंगाचे पॉइंट कापायचे, हे आज खरं वाटत नाही.

खेळाडू हवेत गेला की सगळं मैदान एका सुरात ओरडतं: "त्सीऽऽऽ!" अर्थ 'खेच'. आपला असो की परका, प्रत्येकासाठी. तुम्हीही ओरडा, त्याने ऊबही येते. पोलंडचे लोक लाल-पांढरे मफलर घालून बसगाड्या भरभरून येतात आणि त्यांच्या शेजारी जागा मिळाली तर सोडू नका. खायला देतात.

पडद्यावर कधी कधी उडीनंतर खेळाडूचं नाव खोडलेलं दिसेल. पडलेला नसतो, तपासणीत सूट नियमाबाहेर भरलेला असतो. सूट सैल असला की तो शिडासारखा हवा धरतो, म्हणून एकेक सेंटीमीटर मोजतात. २०२५ च्या मार्चमध्ये जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या संघाचे सूट मुद्दाम बदललेले सापडले, तेव्हापासून तपासणी आणखी कडक झाली आहे.

थंडी

थंडी खालून येते. सगळे टोपी-जॅकेटवर खर्च करतात आणि तीन तास बर्फावर उभे राहतात. घरून जाड पुठ्ठ्याचा तुकडा न्या, पायाखाली घाला. पहिल्यांदा मला एका म्हाताऱ्या जर्मन बाईने स्वतःच्या पुठ्ठ्याचा अर्धा भाग फाडून दिला होता, तेव्हापासून मी दोन नेते. बूट एक नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे, एकच जोड. दोन घातलेत तर पाय आवळतो आणि जास्त गार पडतो. काचेची बाटली आणि मोठी छत्री दारावर काढून घेतात. मुलांसाठी बिनदारूचा गरम पंच मिळतो. मागताना 'किंडरपुन्श' म्हणा. कप अनामत रक्कम घेऊन देतात, परत करायला विसरू नका.

मधल्या मोकळ्या दिवशी, ३० डिसेंबरला किंवा २ जानेवारीला, गार्मिशला असाल तर मैदानाच्या मागून पार्टनाखची घळ जवळ आहे. हिवाळ्यात कड्यांवरून माणसाच्या उंचीचे बर्फाचे सुळे लोंबत असतात. इन्सब्रुकची तारीख वर्षागणिक एखाद दिवस मागेपुढे होते, हॉटेल काढायच्या आधी तेवढं बघून घ्या.

एका गोष्टीची आशा मात्र धरून जाऊ नका: चारही टेकड्या एकाने जिंकल्याचं बघायला मिळेल ही. जर्मनीच्या स्वेन हानावाल्डने २००१-०२ मध्ये, पन्नासाव्या टूर्नेत, ते पहिल्यांदा केलं. मग पोलंडचा कामिल श्टोख २०१७-१८ ला आणि लगेच पुढच्या वर्षी कोबायाशी. हानावाल्डनंतर जर्मनीला गरुडच मिळालेला नाही, आणि दर २८ डिसेंबरला गाडीत कोणीतरी म्हातारा "यंदा नक्की" म्हणतो.

२०२५ च्या ६ जानेवारीला मी बिशॉफ्सहोफेनला होते आणि दीर त्याच्या घरी, आपल्याकडे रात्र झालेली, फोनवर निकाल बघत. ऑस्ट्रियाचेच तिघे भिडले होते, श्टेफान क्राफ्ट, यान ह्योर्ल आणि डानिएल चोफेनिग. संपलं तेव्हा चोफेनिग पहिला, ह्योर्ल त्याच्या १.४ पॉइंट मागे, क्राफ्ट ४.१ मागे. आजूबाजूला ऑस्ट्रियाचे लोक रडत होते, हसत होते, मला धड पडदाही दिसत नव्हता. खिशात फोन थरथरला. दिराचा मेसेज: "वहिनी, १.४ भागिले १.८ बरोबर केलं ना मी? आठ उड्या मिळून अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर?"

पेन्सिलीने वहीत करून बघितलं. बरोबर होतं.